पंचनाम्यातला किमतीचा रकाना

बाजाराचा दिवस होता. दवाखान्यात गाई-म्हशींची रांग लागलेली असताना हवालदार एक माकड घेऊन आले. मागे माकडाचा खेळवाला, डमरू पिशवीत कोंबलेला. कुणीतरी तक्रार केली म्हणून बाजारतळावरून दोघांनाही ठाण्यात नेलं होतं आणि आता माझा तपासणीचा दाखला हवा होता. पशुधन विकास अधिकारी म्हणून असे दाखले मी नेहमी देते, पण ते टेम्पोत कोंबून नेलेल्या जनावरांचे.

मादी होती, ऐन वयातली. अंगात लाल परकर. नाडीखाली कंबरेभोवतीची कातडी सोलवटून ओली झालेली. गळ्यातला चामडी पट्टा ती पिल्लू असताना बांधलेला असणार. मान वाढली, पट्टा तोच राहिला, त्यामुळे कातडीत खोल खाच पडली होती. तोंड उघडलं तर चारही सुळे तोडलेले आणि एका जागी पू. हे सुळे ती चावू नये म्हणून तोडतात, बहुतेक वेळा भूल न देता.

मी स्टेथोस्कोप उचलला, तशी ती टेबलावर उभी राहिली, कपाळाला हात लावून सलाम केला आणि कोलांटी मारली. थर्मामीटर घेतलं, पुन्हा सलाम, पुन्हा कोलांटी. माणसाच्या हातात लांब काही दिसलं की काम सुरू करायचं, हे तिच्या अंगात भिनलं होतं. शेवटी हातातलं सगळं बाजूला ठेवून मी नुसती बसून राहिले. बऱ्याच वेळाने ती जवळ सरकली आणि माझ्या मनगटावरचे केस बोटांनी बाजूला सारत काहीतरी शोधू लागली. आपल्या कळपातल्यांची निगा माकडं अशीच राखतात.

दोरी टेबलाच्या पायाला बांधली होती. तिने आधी उघड्या दाराकडे पाहिलं, मग हवालदारांकडे. ते मोबाइलमध्ये गुंतलेत असं दिसल्यावरच तिने गाठीला हात घातला. 2005 साली पोर्टो रिकोजवळच्या कायो सांतियागो बेटावर रीसस माकडांवर झालेला एक प्रयोग मला माहीत होता. द्राक्षं ठेवलेल्या दोन माणसांपैकी ज्याची नजर आपल्यावर नाही, त्याच्याजवळची द्राक्षं माकडं पळवत. समोरच्याला काय दिसतंय आणि काय दिसत नाही, याचा हिशेब त्यांच्या डोक्यात चालू असतो. तो हिशेब चाललेला मी त्या दिवशी हातभर अंतरावरून पाहिला.

तेवढ्यात हवालदारांनी विचारलं, "मॅडम, मुद्देमालाची किंमत काय लावू?"

म्हैस असती तर दूध, वेत, वय बघून मी तिथल्या तिथे आकडा सांगितला असता. विम्यासाठी, नुकसानभरपाईसाठी ते रोजचंच काम आहे. पण काही क्षणांपूर्वी माझा हात निरखून पाहणाऱ्या, नजर चुकवून सुटकेचा बेत करणाऱ्या जिवाची किंमत सांगायला माझी जीभ वळेना. "लिहू नका," मी म्हणाले.

"रकाना मोकळा सोडला तर साहेब परत पाठवतील," ते म्हणाले, आणि थोडं थांबून, "आमच्या धाराशिवकडं उपळ्याला तर माकडांच्याच नावावर 32 एकर जमीन हाय."

ते खरं आहे. 2022 मध्ये ती बातमी सगळीकडे आली होती. ग्रामपंचायतीच्या कागदोपत्री तिथे माकडांची जमीन आहे. गावोगावच्या मारुतीच्या नावानेही देवस्थान इनामाचे सातबारे असतात. देवाची मूर्ती ही कायद्यापुढे व्यक्ती आहे, तिचं हित स्वतंत्रपणे मांडलं गेलं पाहिजे, हे ब्रिटिश काळातल्या सर्वांत वरच्या अपील कोर्टाने, प्रिव्ही कौन्सिलने, 1925 मध्येच मान्य केलं. मारुतीच्या वतीने पुजारी किंवा विश्वस्त कोर्टात उभा राहतो. लहान मुलाच्या नावापुढे सातबाऱ्यावर अ.पा.क. लिहून पालकाचं नाव येतं. माझ्या टेबलावर बसलेल्या या मादीच्या वतीने उभं राहील असं कुणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या कोर्टात ते स्पष्टच दिसलं. खेळवाल्याचे वकील म्हणाले, माकड माझ्या अशिलाचं आहे, ताबा द्या. सरकारी वकील म्हणाले, तो गुन्ह्यातला मुद्देमाल आहे, देऊ नका. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, पण तिची बाजू कुणाकडेच नव्हती. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात छळाच्या पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. कलम 35 नुसार जनावर उपचारांसाठी ठेवता येतं, पण कुठपर्यंत, तर ते 'नेहमीच्या कामासाठी' तंदुरुस्त होईपर्यंत किंवा एरवी सोडण्याजोगं होईपर्यंत. हिचं नेहमीचं काम म्हणजे कोलांट्या. माकड, अस्वल, वाघ, सिंह यांचे खेळ केंद्र सरकारने 1998 च्या अधिसूचनेने बंद केले आणि 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अधिसूचना कायम ठेवली. मी दाखल्यात एवढंच लिहिलं की जे काम कायद्याने बंद आहे, त्यासाठी हिला तंदुरुस्त ठरवणं मला शक्य नाही.

वरच्या कोर्टांत मोठमोठे निकाल झालेत. 2014 मध्ये बैलांच्या खेळांवरच्या नागराजा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जीविताच्या हक्काचा अर्थ प्राण्यांपर्यंत नेला. 2018 मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने तर नेपाळ सीमेवरच्या टांग्याच्या घोड्यांवरून सुरू झालेल्या प्रकरणात अवघ्या प्राणिसृष्टीला कायदेशीर व्यक्ती ठरवलं आणि नागरिकांना तिचे पालक. पण 2023 मध्ये जलीकट्टू आणि आपल्या बैलगाडा शर्यतींचे कायदे वैध ठरवताना सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने म्हटलं, प्राण्यांना मूलभूत हक्क दिल्याचा दाखला आपल्याकडे नाही.

बाहेर वकिलांशी बोलताना एकाने विचारलं, "हक्क म्हटले की कर्तव्यं आली, माकड कसली कर्तव्यं पाळणार?" पाळण्यातलं बाळ तरी कुठली पाळतं? दुसऱ्याने हुशारीचा मुद्दा काढला. तो मला जास्त अवघड वाटतो. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातल्या हॅपी नावाच्या हत्तिणीने डोळ्यावर काढलेली पांढरी फुली आरशात बघून सोंडेने चाचपली होती, म्हणजे ती स्वतःला ओळखत होती. तरी तिच्या सुटकेसाठी केलेला खटला 2022 मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या सर्वांत वरच्या कोर्टात ती 5 विरुद्ध 2 मतांनी हरली. माकडं तर आरशाच्या परीक्षेत सहसा नापास होतात. आपणच परीक्षा काढायची आणि पास झाला तरी दार उघडायचं नाही, हा कुठला न्याय? उलट अर्जेंटिनातल्या मेंडोसा इथे 2016 मध्ये न्यायाधीशांनी सेसिलिया या चिंपांझी मादीला हक्क असणारी व्यक्ती मानलं आणि एकटीच्या पिंजऱ्यातून तिला ब्राझीलच्या अभयारण्यात पाठवलं. कुणाचं काही बिघडलं नाही. मला प्राण्यांसाठी मतदानाचा हक्क नकोय. ताब्याचा अर्ज येईल तेव्हा तिसरी बाजू मांडायला एक माणूस हवाय, आणि तेवढ्यापुरता 'व्यक्ती'चा दर्जा कायद्याने प्राण्यांना द्यावा असं मी ठामपणे म्हणते. गाई-म्हशींचं काय, हा प्रश्न पुढे येणारच. येऊ दे. म्हणून इथे सुरुवातच करायची नाही, हे मला पटत नाही.

खेळवाल्याबद्दल लिहिलं नाही तर अन्याय होईल. तिने चावलेलं आपलं बोट त्याने मला दाखवलं आणि त्याच हाताने आपल्या वडापावमधला अर्धा तिला दिला. जीव भेदरला की ती त्याच्याच पायाला बिलगायची. "बाई, बरी झाली की देणार ना?" त्याने विचारलं. नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. पण त्याचं पोट कशावर चालणार, याचं उत्तर कोर्टातल्या कोणत्याच कागदात नव्हतं. नुसती दोरी काढून घेऊन सरकारची जबाबदारी संपते, असं मानणाऱ्यांत मी नाही.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी तिला उपचार पूर्ण होईपर्यंत वन खात्याच्या उपचार केंद्रात, माझ्या देखरेखीखाली ठेवायचा आदेश दिला. सुळ्याचा पू काढला, पट्टा कापला. मी अहवालासोबत वेगळा कागद जोडला: हिला आपल्या जातीच्या सोबतीची गरज आहे, आणि अंतिम ताबा ठरवताना हिच्या वतीने बोलायला कोर्टाने कुणाची तरी नेमणूक करावी. हा अर्ज कुठल्या कलमाखाली घ्यायचा, असं लिपिकांनी विचारलं. मला कलम सांगता आलं नाही, पण त्यांनी तो फाइलला लावून घेतला. पंचनाम्यात किमतीचा रकाना कोराच आहे. पुढची तारीख दिवाळीनंतरची मिळाली आहे.