शिसपेन्सिलीच्या तिरक्या रेघा

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, शास्त्रपाठ, म्हणजे बायबलमधला उतारा, कुणी कधी वाचायचा, त्याचा कागद दाराशेजारच्या फळ्यावर टाचलेला असतो. चौथा रविवार आमच्या ह्यांचा. 17 वर्षं तो त्यांनी सांभाळला. ह्यांना स्ट्रोक येऊन आता 2 वर्षं 4 महिने झाले, पण कागद दर वेळी नवा लागतो आणि चौथ्या रविवारसमोर नाव ह्यांचंच असतं. सुरुवातीला मला त्याचा रागच यायचा. आयत्या वेळी कुणीतरी धावतपळत उठायचं, वाचायचं आणि जागेवर जाऊन बसायचं. नाव खोडायला एक मिनिट लागतं, मग कुणी खोडत का नाही? मी स्वतः एकदा पेन घेऊन फळ्यापर्यंत गेले होते. कुणीतरी हाक मारली म्हणून राहिलं.

मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी. उजवा हात आणि पाय लुळा पडला आणि वाचा गेली. वाचा गेली म्हणजे आवाज गेला असं लोक धरून चालतात आणि ह्यांच्याशी मोठमोठ्यानं बोलतात, जसं काही कानच गेलेत. आवाज आहे, कान शाबूत आहेत, आपण बोललेलं बरंचसं कळतं. फक्त हवा तो शब्द हाताशी येत नाही. पाणी हवं असतं, ओठ जुळतात, डोळे माझ्यावर रोखलेले असतात, आणि तोंडातून काहीतरी भलतंच निघतं. ते भलतं निघाल्याचं त्यांनाही कळतं, हे सगळ्यात वाईट.

पहिला स्वच्छ शब्द अकराव्या दिवशी आला. नर्सनं सुई टोचली आणि हे म्हणाले, "च्यायला."

मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचा कारभार पाहणारे ज्येष्ठ, रविवारच्या शाळेत शिकवलेले. लग्नाला 28 वर्षं झाली, माझ्यासमोर कधी साधं 'गाढवा' म्हणाले नव्हते. मी हसले आणि हसता हसता तिथल्या स्टुलावर बसून रडले. पुढे स्पीच थेरपिस्ट बाईंनी समजावलं. ह्याला अ‍ॅफेजिया म्हणतात. स्वतः जुळवून बोलायचं वाक्य अडतं, पण वर्षानुवर्षं तोंडात बसलेलं, म्हणजे अंक, वार, गाणी, पाठ प्रार्थना आणि शिव्यासुद्धा, कधी कधी जसंच्या तसं बाहेर पडतं. 1861 साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका नावाच्या डॉक्टरांनी अशाच एका रुग्णाचं वर्णन केलं होतं. त्या माणसाच्या तोंडी जवळपास एकच उच्चार उरला होता, 'टॅन'. सगळं त्यातच सांगायचा. आमच्या वाट्याला 'च्यायला' आलं. राग, दुखणं, आनंद, नातवाचं कौतुक, सगळ्याला तेच, फक्त सूर वेगळा. मला आता सूर ओळखता येतो.

दवाखान्यात भेटायला येणाऱ्यांनी वचनं आणली. वचनं लिहिलेली कार्डंच. त्यातली तीन एकाच वचनाची होती, यिर्मया 29:11, म्हणजे यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या एकोणतिसाव्या अध्यायाची अकरावी ओवी. देवाच्या मनात आपल्याविषयी हिताचे संकल्प आहेत, अनिष्टाचे नाहीत, ते. एका बाईंनी माझा हात हातात घेऊन हलकेच विचारलं, घरात काही कबूल करायचं राहिलंय का. जन्मांध माणसाकडे पाहून शिष्यांनी येशूला नेमका हाच प्रश्न विचारला होता, पाप कुणाचं, आणि उत्तर मिळालं, कुणाचंच नाही, ते योहानाच्या नवव्या अध्यायात आहे. पण त्या वेळी मला सुचलं नाही. नुसती मान हलवली. रात्री मात्र खरंच आठवत बसले, काय राहिलंय कबूल करायचं.

मग एक पाहुणे प्रचारक आले. तीन दिवसांच्या सभा होत्या. शेवटच्या रात्री त्यांनी ह्यांची खुर्ची पुढे घ्यायला लावली, डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांदेखत जाहीर केलं: येत्या पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, हा भाऊ ह्याच जागी उभा राहून शास्त्र वाचेल. मंडळी 'हालेलूया' म्हणाली. मीही म्हणाले, खोटं कशाला सांगू, सगळ्यांत मोठ्यानं म्हणाले असेन. आवाज ओसरला आणि त्या शांततेत हे अगदी स्पष्ट बोलले, "च्यायला."

मागची पोरं फिसकन हसली. त्यांच्या आयांनी डोळे वटारले. मी मान वर केली नाही.

पुनरुत्थानाचा रविवार आला नि गेला. त्यानंतर माझी प्रार्थना बंद पडली. उपासनेला मी जात होते, गीताच्या वेळी पुस्तक उघडून उभी राहत होते, पण घरी गुडघे टेकले की आत काहीच नसायचं. थेरपिस्ट बाईंनी मात्र गृहपाठ दिला होता: रोज रात्री प्रभूची प्रार्थना सोबत म्हणायची. सुरुवात ह्यांना करता येत नाही. मी 'हे आमच्या' म्हटलं की गाडी रुळावर येते आणि पुढचं बरोबरीनं येतं. मी थांबले की तेही थांबतात. म्हणून मी म्हणायचे, कवायतीसारखं, जसे पाढे म्हणतात तसं. एका रात्री 'तुझ्या इच्छेप्रमाणे' ह्या शब्दांपाशी माझा गळा आवळला. होवो म्हणायचं? हे होवो? मी गप्प झाले. अंधारात दोघंही गप्प. बऱ्याच वेळानं पलीकडून अडखळत आलं, "हो... वो." मग पुन्हा सगळं थांबलं. पुढचं मीच म्हटलं, भाकरीपासून शेवटपर्यंत.

ह्यात चमत्कार काही नाही. दुसऱ्या रात्री ते पुन्हा माझ्याबरोबरच थांबले. पण त्या रात्रीपासून मला एक गोष्ट उमगली. रविवारी सगळी मंडळी एका सुरात ती प्रार्थना म्हणते तेव्हा मी काय करते? तेच, जे हे करतात. दुसऱ्यांच्या आवाजाला धरून ओठ हलवते. माझं स्वतःचं वाक्य जुळत नसतं, मी त्यांच्या वाक्यावर चालते.

मार्काच्या दुसऱ्या अध्यायात चौघे जण एका पक्षाघाती माणसाला उचलून आणतात, छप्पर उकलतात आणि बाज खाली सोडतात. तिथे लिहिलंय की येशूनं त्यांचा विश्वास पाहिला. बाजेवरच्या माणसाच्या मनात काय होतं, ते कुणी विचारलेलं नाही. आमच्या मंदिराला (चर्चच्या इमारतीला) सहा पायऱ्या आहेत. तरुण संघातली दोन पोरं दर रविवारी ह्यांना खुर्चीसकट वर नेतात. पहिल्यांदा नेलं तेव्हा पुढच्यानं एक पायरी जास्तीची मोजली आणि तिघं मिळून पडता पडता वाचले. (तेव्हा काय ऐकू आलं ते सांगायला नको.) त्या पोरांनी मला आजवर एकही वचन ऐकवलेलं नाही.

आणि दर बुधवारी एक आजोबा येतात. ऐंशीच्या पुढचे, एका कानानं ठार, दुसऱ्यानं अर्धे. ह्यांना बोलता येत नाही, त्यांना ऐकू येत नाही, त्यामुळे दोघांचं फार छान जमतं. तासभर बसतात. जाताना ह्यांच्या डाव्या हातावर हात ठेवतात आणि निघतात. बायबलमधल्या दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्रही आधी सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ काही न बोलता जमिनीवर बसले होते. मग त्यांनी तोंड उघडलं आणि पुढचे कितीतरी अध्याय बिघडले. आजोबा तोंड उघडत नाहीत. सगळेच असे नसतात, हेही सांगायला हवं. पहिल्या तीन महिन्यांत आमच्याकडे खुर्च्या कमी पडायच्या. आता पडत नाहीत.

गेल्या महिन्यात पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "ताई, चौथा रविवार तुमच्या घरातच राहू द्या. तुम्ही वाचा." मी नाही म्हणाले. मला चारचौघांत वाचता येत नाही, हात थरथरतात. ते म्हणाले, "बघा," आणि पाठाची चिठ्ठी हातात ठेवली. यिर्मया 29, ओव्या 1 ते 14. त्या तीन कार्डांचाच अध्याय. मनात म्हटलं, देवालाही दुसरं काही सापडेना.

ह्यांचं शास्त्र कपाटात तसंच होतं. उघडलं तर त्या पानावर शिसपेन्सिलीच्या रेघा. एक तिरकी रेघ म्हणजे थोडं थांबायचं, दोन म्हणजे श्वास घेऊन थांबायचं. शनिवारी रात्री हे पेन्सिल घेऊन बसायचे ते ह्यासाठी. इतक्या वर्षांत मी कधी वाकून पाहिलं नव्हतं.

सुरुवात कळेना म्हणून मागचा अध्यायही वाचला. तिथे हनन्या नावाचा संदेष्टा आहे. मंदिरात सगळ्यांसमोर तो सांगतो, दोन वर्षांत सगळं परत येईल, बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, नेलेली मंदिरातली पात्रं आणि नेलेली माणसंसुद्धा. यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जूही मोडून टाकतो. आणि यिर्मया त्याला आधी काय म्हणतो? 'आमेन.' देव असंच करो. हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले. म्हणजे त्यालाही तेच हवं होतं. मीही त्या रात्री 'हालेलूया' म्हणालेच होते की.

एकोणतिसावा अध्याय म्हणजे पत्र आहे, बाबेलला धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं. घरं बांधा, मळे लावा, त्यांचं फळ खा, मुलाबाळांची लग्नं करा. आणि मग दहावी ओवी: बाबेलमध्ये 70 वर्षं भरल्यावर. कार्डावरची अकरावी ओवी ह्याच्यानंतर येते. ज्यांनी ते पत्र पहिल्यांदा ऐकलं, त्यांतले बरेच जण परतायला उरणारच नव्हते. तरी त्यांना सांगितलं, मळे लावा. तीनही कार्डांवर ही ओवी नव्हती. कार्डात बसली नसती कदाचित.

थेरपिस्ट बाई म्हणतात, सुधारणा सुरुवातीच्या महिन्यांत जास्त होते, पण नंतरही वर्षानुवर्षं थोडी थोडी होत राहू शकते. ह्यांना आता माझं नाव घेता येतं, दहातून तीनदा. मी आजही बरं होण्यासाठी प्रार्थना करते. फक्त तारीख घालत नाही.

चौथ्या रविवारी मी पुढे गेले. हे पहिल्या बाकाशेजारी, खुर्चीत. हात थरथरत होतेच. ह्यांच्या रेघांवर बोट ठेवून वाचत गेले, एक रेघ थांब, दोन रेघा श्वास. घरं झाली, मळे झाले. 70 वर्षांपाशी दोन रेघा होत्या, दाबून काढलेल्या, पण समोर अकरावी ओवी दिसत होती, तोंडपाठ असलेली, आणि मला एकदाचं संपवायचं होतं. मी न थांबता पुढे निघाले.

पहिल्या बाकाशेजारून, सगळ्या मंदिराला ऐकू जाईल असं आलं, "च्यायला!"

ह्या वेळी मागच्या पोरांचं हसू ऐकू आलं आणि मलाही हसू आलं. मी परत दहाव्या ओवीवर बोट ठेवलं, ती पहिल्यापासून वाचली, आणि दोन रेघांपाशी थांबले.