विक्रीतून उतरवलेले शहर

नवा कीबोर्ड घेताना चार कळा दाबून पाहण्याची पद्धत आहे, आणि बहुतेक माणसे तेव्हा आपले नाव टाइप करतात. परवा दुपारी दुकानात माझ्या बोटांनी मात्र, मला न विचारता, 'ॲस्पिरीन' टाइप केले, तेही शेवटी एक जास्तीचा 'ई' लावून. "डोकं दुखतंय का सर?" काउंटरवरच्या मुलाने विचारले. त्याच्या वयाकडे पाहता 'व्हाइस सिटी' या व्हिडिओ गेममधली चीट, म्हणजे टाइप करताच खेळात हवे ते मिळवून देणारा गुप्त शब्द, त्याला ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ती समजावून सांगावी लागत नाही. पॅन्झर म्हटले की रणगाडा, लीव्ह मी अलोन म्हटले की पोलीस गायब.

रॉकस्टार या कंपनीने हा खेळ 2002 साली काढला, तो 1986 सालच्या मायामीवर बेतला, आणि पुढच्या वर्षी तो पीसीवर आला. आमच्या तालुक्याच्या गावी मात्र ते शहर एसटी स्टँडसमोरच्या सायबर कॅफेत वसले होते. प्लायवूडच्या आडोशांनी केलेल्या कप्प्यांत एकेका खुर्चीवर दोघे दोघे बसत; एकाकडे बाणांच्या कळा, दुसऱ्याकडे माऊस आणि पैसे निम्मे निम्मे. खेळाचा नायक टॉमी व्हर्सेटी याला गुन्हेगारी जगात वर चढायचे आहे, हे आम्हाला फार उशिरा कळले. आम्हाला गुलाबी-निळ्या दिव्यांच्या हॉटेलांसमोरून पीसीजे ही मोटारसायकल पळवायची होती, आणि वादळामुळे बंद असलेले पूल खुले होण्याच्या आत कित्येकांची दहावी आली. खेळण्यातल्या हेलिकॉप्टरने अर्धवट बांधलेल्या इमारतीत बॉम्ब ठेवण्याचे मिशन आले की कॅफेवाल्याला हाक जाई, "दादा, एवढं काढून द्या ना." दादा उभ्या उभ्या, नंबरपॅडवर दोन बोटे ठेवून ते काढून देत, आणि तेवढ्या मिनिटांचेही पैसे लावत.

2021 च्या ऑक्टोबरमध्ये रॉकस्टारने 'जीटीए 3', 'व्हाइस सिटी' आणि 'सॅन अँड्रियास' हे एकाच 'ग्रँड थेफ्ट ऑटो' (जीटीए) मालिकेतले तिन्ही जुने खेळ डिजिटल दुकानांतून उतरवले, कारण नोव्हेंबरात त्यांची सजवलेली नवी आवृत्ती यायची होती आणि तिच्या शेजारी जुनी ठेवणे त्यांना परवडणारे नव्हते, असा माझा तरी समज झाला. पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली तरी जुनी अप्पा बळवंत चौकातल्या एखाद्या गठ्ठ्यात सापडते आणि तिच्यात कोणाच्या तरी हस्ताक्षरात 'चि. सौ. ताईस' असेही लिहिलेले असते. डिजिटल दुकानातून उतरवलेल्या खेळाला फुटपाथ नसतो. पुढे नवी आवृत्ती आली, तेव्हा पाऊस इतका पांढरा पडू लागला की पुढचा रस्ताच दिसेना. एका डोनटच्या दुकानावर जो षट्कोनी लोखंडी नट होता, त्याचे कोपरे गुळगुळीत होऊन गेले, कारण चित्रे साफ करण्याचे काम संगणकावर सोपवले होते आणि त्याला नट म्हणजे काय हे कोणी सांगितले नव्हते. माझ्या मते सर्वांत मोठी चूक धुक्याची होती. प्लेस्टेशन 2 ला लांबचे दाखवणे झेपत नसे, म्हणून मूळ खेळात लांबचे सगळे धूसर ठेवलेले होते, आणि त्यामुळेच 'सॅन अँड्रियास'मधली तीन शहरे एकमेकांपासून खूप दूर वाटत. नव्या यंत्रांना सगळे झेपले, धुके गेले आणि विमानातून पाहिल्यावर ती तिन्ही शहरे एकाच पेठेत असल्याचे उघडकीला आले.

नोव्हेंबर संपण्याच्या आतच रॉकस्टारने माफी मागितली आणि जुने खेळ पीसीपुरते आपल्या दुकानात परत आणण्याचे कबूल केले. सगळ्यांच्या नशिबी असे परत येणे नसते. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने 2023 साली केलेल्या पाहणीनुसार, तिथे 2010 पूर्वी निघालेल्या खेळांपैकी 87 टक्के तेव्हा बाजारात विकत मिळत नव्हते. असे खेळ ग्रंथालयांनी अभ्यासकांना घरबसल्या उघडून द्यावेत, ही मागणी तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने 2024 साली फेटाळली, आणि त्या नकारामागे एक धास्ती अशी होती की लोक ते करमणुकीसाठी वापरतील. खेळ कोणी खेळू नये म्हणून घेतलेली ही काळजी मला फार आवडली.

इथवर आल्यावर एक गोष्ट मान्य करणे भाग आहे, ती अशी की जे विक्रीतून उतरवले म्हणून मी हळहळतो, ते मी कधी विकत घेतलेलेच नव्हते. आमची सीडी प्लास्टिकच्या पाकिटातून आली होती, तिच्यावर मार्करने नाव लिहिलेले होते, आणि एका सीडीत चार खेळ मावावेत म्हणून कोणीतरी त्यातला रेडिओ कापून टाकला होता. ज्या गाण्यांच्या हक्कांपायी 2012 साली हा खेळ स्टीम या ऑनलाइन दुकानातून काही काळ काढावा लागला, ती गाणी आमच्या शहरात वाजलीच नाहीत. आमच्या गाड्या मुक्या होत्या. दादांच्या विनॲम्पवर जे चालू असेल, बहुधा हिंदी आणि गणपतीच्या दिवसांत आरत्या, त्याच्यावर आम्ही मायामीभर हिंडत होतो. तेव्हा नेमक्या कोणत्या मूळ आवृत्तीची मला हळहळ वाटते, याचे उत्तर रॉकस्टारकडे असणे शक्य नाही.

2024 च्या नोव्हेंबरात नव्या आवृत्तीत जुना प्रकाश आणि जुने आकाश परत आले, म्हणजे आता ती घ्यायला हरकत नाही. घेतलीच, तर पहिल्यांदा रेडिओ बंद करावा लागेल. शिवाय ते हेलिकॉप्टरचे मिशन कोणाकडून काढून घ्यायचे, हा प्रश्न आहेच.