सापकांद्याचे परदेशी भाऊबंद

महाबळेश्वरच्या जंगलात जूनच्या सरींबरोबर पांढरा फणा उभारणारा सापकांदा मी लहानपणी पाहिला होता, त्यामुळे पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या घरामागे ओकच्या सावलीत आपसूक उगवलेले जॅक-इन-द-पल्पिट पाहताच त्याचे गोत्र ओळखायला वेळ लागला नाही. दोन्ही अरिसीमा प्रजातीतल्याच वनस्पती. तेव्हापासून तिच्या इतर जाती जमवण्याचा मला ध्यास लागला. अर्थात कंद रोपवाटिकेतूनच घ्यावेत. जंगलातून उपटून आणणे मला मान्य नाही.

या कंदांची मुळे वरच्या बाजूने फुटतात, म्हणून मी ते दहा ते पंधरा सेंटिमीटर खोल, पानांचे कुजलेले खत मिसळलेल्या आणि पाण्याचा उत्तम निचरा होणाऱ्या मातीत लावते. हिवाळ्यात पाणी साचले की कंद सडतो, आणि असे तीन कंद मी गमावले आहेत. चीनमधून आलेली कँडिडिसिमम ही गुलाबी रेघांची जात जूनअखेरीपर्यंत जमिनीवर येतच नाही. पहिल्या वर्षी ती मेली असे समजून मी माती उकरली आणि तिचा कोंब मोडला.

मला सर्वांत प्रिय आहे ती जपानची सिकोकियानम. तिच्या गडद जांभळ्या फण्यात पांढराशुभ्र, गोटीसारखा दांडा असतो. तिचा कंद पिल्ले देत नाही, त्यामुळे ती टिकवायची तर बी धरलेच पाहिजे, आणि इथेच या वनस्पतींचे वेगळेपण कळते. लहान कंदाला नर फुले येतात, पुरेसा साठा झाला की तेच झाड मादी होते, आणि फळे धरून थकल्यावर पुन्हा नर होऊ शकते. बुरशीवर वाढणाऱ्या बारीक माश्या फण्यात शिरतात; नर फण्याच्या तळाशी फट असल्याने तिथून त्या परागकण घेऊन सुटतात, पण मादी फण्याला ती फट नसल्याने बहुतेक आतच अडकून मरतात.

यंदा माझ्याकडे एक नर आणि एक मादी एकाच आठवड्यात फुलल्या, तेव्हा माश्यांवर न विसंबता मी मऊ कुंचल्याने पराग नेऊन लावले. आता फळे लाल झाली आहेत. त्यांचा गर खाजऱ्या अळूसारखाच त्वचेला झोंबतो, म्हणून हातमोजे घालून तो धुऊन काढते आहे. बी याच आठवड्यात पेरीन; फुले दिसायला तीन ते पाच वर्षे लागतील.