हे संपलं की मग काय?

दौंड शटल केडगावला थांबली की माझी आजी "आलं बघ रमाबाईंचं गाव" म्हणायचीच, दरवेळी, आणि आम्ही पोरं डोळे फिरवायचो. आता आजी नाही आणि केडगाव आलं की मीच मोबाईल खाली ठेवून बाहेर बघते.

लॉकडाऊनमध्ये आमच्या चर्चच्या मंडळीने किराण्याचे किट वाटले. तांदूळ, तूरडाळ, तेल, चहा-साखर. पाळक, तरुण संघातली मुलं, आम्ही दोघी-तिघी, मास्क लावून पिशव्या भरायचो आणि खरं सांगते, भारी वाटायचं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी पिशवी घेता घेता म्हणाल्या, "ताई, हे संपलं की?" मी नुसतं हसले. दुसरं करणार काय होते.

त्यानंतर आजीच्या त्या रमाबाईंबद्दल, म्हणजे ख्रिस्ती झालेल्या समाजसुधारक पंडिता रमाबाईंबद्दल, नीट वाचायला घेतलं. बाईंनी भूक पुस्तकात वाचलेली नव्हती, त्यांचे आईवडील आणि बहीण उपासमारीच्या दिवसांतच गेले. म्हणून १८९६-९७ ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आल्या. पण पुण्यात आणाव्या तर प्लेग! शारदा सदनात, म्हणजे विधवांसाठी त्यांनी काढलेल्या शाळा-वसतिगृहात, एवढी नवीन माणसं ठेवायला परवानगी मिळेना. मग केडगावची जमीन आठवली, ती सदनाच्या खर्चासाठी फळबाग करायची म्हणून घेतलेली, तिथे तंबू आणि झोपड्या ठोकून या मुली राहिल्या. मुक्ती, म्हणजे केडगावचा त्यांचा आश्रम, उभी राहिली ती अशी, घाईगडबडीत. आणि याच धामधुमीत प्लेगच्या छावणीत बायकांना कसं वागवतात यावर बाईंनी १८९७ मध्ये सरकारविरुद्ध पेपरात पत्रही लिहिलं. स्वतःचा सगळा कारभार सरकारी परवानगीवर अडलेला असताना! मला हे त्यांचं सगळ्यात आवडतं.

पुढे गुजरातचा छप्पन्या (विक्रम संवत १९५६ चा) दुष्काळ आला, आणि १९०० च्या सुमारास मुक्तीत २००० च्या आसपास माणसं होती. एवढ्या जणींना रोज जेवायला घालणं हेच केवढं, आणि त्यात यातल्या कित्येकींना परत जायला घरच नव्हतं, म्हणजे पाऊस पडला म्हणून त्यांचा दुष्काळ संपणार नव्हता. म्हणून विहिरी खोदल्या, शेती, हातमाग, शिवणकाम, तेलाचा घाणा, छापखाना. बाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल याच बायकांनी छापलं. १९२२ ला बाई गेल्या, पुस्तक पूर्ण छापून आलं १९२४ ला.

आता कमेंटमध्ये कोणीतरी "अन्न देऊन बाटवलं" म्हणणारच. तो आरोप त्यांच्या हयातीतही झाला आणि तो उगीच होता असंही मी म्हणणार नाही, भुकेलेल्या माणसाने हो म्हटलं तर ते हो किती खरं, हा प्रश्न मला ख्रिस्ती असूनही पडतो. फक्त हे विचारणाऱ्यांपैकी त्या मुलींना घरात घ्यायला किती जण तयार होते, हेही मग विचारावं लागतं.

आमचे किट तिसऱ्या महिन्यात बंद झाले, फंड संपला. त्या मावशींना पुढे डबे करण्याचं काम मिळालं असं कळलं, शेजारणीच्या ओळखीने. आमच्या नाही.