जादूगारांच्या शाळेतलं पाठांतर

शाळेच्या आठवणींमध्ये गॅदरिंग आणि सहलींवर बाकीचे लिहितीलच, मी आपल्या शाळेच्या लायब्ररीतल्या एका पुस्तकाबद्दल लिहितोय. अमेरिकन लेखिका अर्सुला ले ग्विनचं 'अ विझार्ड ऑफ अर्थसी', 1968 चं. आठवीत वाचलं, इंग्रजी तेव्हा यथातथाच, शेजारी डिक्शनरी उघडी ठेवून वाचत होतो तरी सोडवेना.

गोष्ट गेडची. गाँट नावाच्या डोंगराळ बेटावर शेळ्या राखणारा, तापट आणि भयंकर हुशार पोरगा, तो पुढे रोक बेटावर जादूच्या शाळेत शिकायला जातो. आता जादूची शाळा म्हटलं की आपल्याला वाटतं मजाच मजा, कांडी फिरवली की झालं, पण इथे तसलं काही नाही. या जगात प्रत्येक वस्तूला एक खरं नाव असतं आणि ते माहीत असेल तरच तिच्यावर जादू चालते, म्हणजे समुद्रावर मंत्र टाकायचा तर नुसतं 'समुद्र' म्हणून भागत नाही, त्यातल्या एकेका खाडीचं, एकेका खडकाचं नाव यायला हवं! त्यासाठी पोरांना दूर एका मनोऱ्यात पाठवतात, तिथले मास्तर नावांच्या लांबलचक याद्या देतात आणि मध्यरात्री त्या कागदावरची शाई उडून जाते. तोपर्यंत पाठ झालं तर झालं. केमिस्ट्रीच्या व्हॅलन्सी घोकताना मला तो मनोरा हटकून आठवायचा आणि खरं सांगू, तेवढ्यामुळे व्हॅलन्सी बऱ्या वाटायला लागल्या.

आणि हे पाठांतर पुढे कामाला येतं. म्हाताऱ्या ड्रॅगनसमोर गेड उभा राहतो तेव्हा त्याला वाचवतं ते ड्रॅगनचं खरं नाव, तेही जुन्या बखरी वाचून बांधलेला अंदाज. अभ्यासू पोराने ड्रॅगनला गप्प केलं, याहून जास्त आठवीतल्या मुलाला काय पाहिजे.

पण माझा सगळ्यात आवडता भाग वेगळाच आहे. गेड मास्तरांना विचारतो की खड्याचा हिरा नुसता भासापुरता नको, खराखुरा कसा करायचा. मास्तर सांगतात की तसं करता येतं, पण खडा बदलला म्हणजे तेवढं जगच बदललं, त्यातून काय बरं-वाईट होईल हे कळल्याशिवाय हात लावायचा नाही. एका बेटावर पाऊस पाडलास तर दुसरीकडे दुष्काळ पडू शकतो. गेडला हे अर्थातच पटत नाही, जॅस्पर नावाच्या मुलाशी इरेला पेटून तो नको ती जादू करून बसतो, त्यातून एक सावली मोकळी सुटते, तिला परत लावताना शाळेच्या सगळ्यात मोठ्या गुरूचा जीव जातो आणि उरलेलं पुस्तक म्हणजे ती सावली आणि गेड. फुकटची जादू असलेली पुस्तकं मला नंतर कधी फारशी रुचली नाहीत ती यामुळेच.

ले ग्विनबाईंनी म्हणे लिहायला बसताना सगळ्यात आधी बेटांचा नकाशा काढला. ते वाचताना जाणवतं, कुठलंही बेट उगाच मध्येच टपकत नाही. नकाशाचं पान तर आम्ही इतकं हाताळलं होतं की ते सुटून वेगळंच झालेलं. अजून एक गंमत, गेड सावळा आहे, तांबूस तपकिरी रंगाचा, आणि बाई हे इतक्या सहज सांगून जातात की पटकन लक्षातही येत नाही, तरी कित्येक आवृत्त्यांच्या कव्हरवर त्याला गोरा करून टाकला होता.

शाळेत तेव्हा पहिलाच भाग होता. 1971 आणि 1972 चे पुढचे दोन मी कॉलेजात गेल्यावर वाचले, दुसरा तर पहिल्यापेक्षाही भारी आहे, कारण तिथे गेड अर्ध्या पुस्तकानंतर कुठे नीट भेटतो. आमच्या बॅचतर्फे तिन्ही भाग लायब्ररीला देतोय. विनंती एवढीच की काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवू नका, सातवी-आठवीच्या पोरांना घरी न्यायला द्या, पानं सुटली तर आम्ही दुसरा सेट देऊ.