फॉर्मवर मी ‘समाजसेवा’ लिहिलं होतं

किती जणांनी विचारलं ते मोजणं मी सोडून दिलंय. आई विचारते, ‘कायले जाऊन राहिली तिकडे?’ मुलाखतीत पेन टेबलावर वाजवत विचारतात, ‘डिझास्टर नर्सिंगच का?’ ज्युनियर पोरी मेसच्या रांगेत हळूच विचारतात, ‘ताई, त्या सर्टिफिकेटचा बाहेरगावी उपयोग होतो का हो?’ आणि मला बघायला आलेल्यांपैकी एका मावशींनी चहाचा कप बशीत ठेवत विचारलं होतं, ‘म्हणजे पूरबीर आला की सुनेला जावं लागेल का?’

विषय एवढाच, की बीएस्सी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला मी सुट्टीतले दहा दिवस देऊन आपत्तीतल्या परिचर्येचं ट्रेनिंग घेतलं. सक्ती नव्हती. आमच्या बॅचमधून अकरा जणींनी नाव दिलं. फॉर्मवर ‘हे प्रशिक्षण का घ्यावेसे वाटते?’ असा रकाना होता आणि अकराही जणींनी त्यात समाजसेवा लिहिली. मला माहीत आहे, कारण आम्ही एकमेकींचं बघूनच लिहिलं.

सर्टिफिकेटचं आधी बोलून टाकते. हो, ते हवंच होतं. गल्फला जा, जर्मनीला जा, नाहीतर इथेच नागपुरात धंतोलीतल्या एखाद्या हॉस्पिटलात अर्ज टाका, कागदावर एक ओळ वाढली तर कोणाला नको असते? त्यात लाज वाटण्यासारखं काय आहे ते मला कळत नाही. इंजिनीअरच्या पोराने कोर्स केला की तो हुशार, नर्सने केला की आधी तिचं मन किती मोठं आहे ते तपासायचं. आमच्यातल्या एकीचा भाऊ एसआरपीत, म्हणजे राज्य राखीव पोलिसांत होता, त्याला दाखवायचं होतं म्हणून ती आली. एकीला नुसती हॉस्टेलवरून दहा दिवस सुटका पाहिजे होती. पुढे स्ट्रेचर ड्रिलमध्ये तीच सगळ्यांत तयार निघाली, त्यामुळे कोण कशासाठी आलं यावरून कोण कसं निघेल हे सांगणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास उरलेला नाही.

दुसरं कारण भीती. मी बारावीत होते तेव्हा, 9 जानेवारी 2021 च्या पहाटे, भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. पुढे कारवाई झाली त्यात नर्सेसही होत्या. कोणाची चूक किती, ते मी ठरवणारी कोण. पण आमच्या घरी त्याच महिन्यात माझं नर्सिंगचं बोलणं चाललं होतं आणि आई म्हणाली, ‘काही झालं की आधी नर्सलाच धरतात.’ ते डोक्यात बसलं ते बसलंच. धूर निघाला की खाटेच्या सगळ्यात जवळ आम्हीच असतो. मग निदान कोणाला आधी उचलायचं तेवढं तरी कोणी शिकवेल की नाही?

आईचं तसं चुकत नाही. तिचं माहेर मोवाडच्या शेजारचं. 30 जुलै 1991 ला वर्धा नदी मोवाडात शिरली आणि दोनशे चार माणसं घेऊन गेली, तेव्हा ती अकरा वर्षांची होती. तिच्या हिशेबाने शहाणा माणूस पुरातून पळतो, पुराकडे जात नाही.

ही सगळी कारणं खरी आहेत आणि तरी यांतल्या एकाही कारणासाठी मी गेले नसते. मी गेले ते 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटेमुळे, आणि ते मी आजवर नीट कोणाला सांगितलेलं नाही.

तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होते. अंबाझरी तलावाच्या खालच्या अंगाला एका लेआउटमध्ये आम्ही दोघी गच्चीवरच्या खोलीत भाड्याने राहत होतो. खाली घरमालक काका-काकू. काकांची फुप्फुसं गेलेली, सीओपीडी. घरात रात्रंदिवस ऑक्सिजनची मशीन चालू. आदल्या दिवशी महालक्ष्म्यांचं जेवण झालं होतं. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी. काकूंनी आम्हा दोघींना बळेबळे जास्तीचं वाढलं होतं आणि पाहुण्यांना सांगितलं होतं, ‘आमच्याकडे वर नर्स राहते, आम्हाला कायची भीती?’

रात्री पाऊस सुरू झाला तो असा, की गच्चीवरच्या पत्र्याखाली एकमेकींचं बोलणं ऐकू येईना. चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पडला हे नंतर पेपरात वाचलं. अंबाझरी ओव्हरफ्लो झाला आणि नाग नदी, जिला आम्ही एरवी नालाच म्हणतो, ती गल्लीत आली. लाइट गेले. आणि थोड्या वेळाने जिन्यातून काकूंचा आवाज, ‘पोरी, खाली ये वं! यांची मशीन बंद पडली.’

खाली गेले तेव्हा पाणी घोट्याच्या वर होतं. हॉलमध्ये उजेड फक्त महालक्ष्म्यांपुढच्या समईचा. ज्येष्ठा-कनिष्ठा आपल्या जागी उभ्या, साड्यांचे काठ पाण्यात. काका दिवाणाच्या कडेला बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, मान पुढे, खांदे वर-खाली, वर-खाली. ओठांचा रंग त्या उजेडात कळत नव्हता. ते माझ्याकडे बघत होते. बोलायला हवा नव्हती, म्हणून नुसतं बघत होते.

मी त्यांना झोपवलं.

दोन्ही खांदे धरून आडवं केलं, उशी काढून पायांखाली घातली. माणूस कोसळतोय असं वाटलं की आडवं करायचं, पाय वर घ्यायचे, हे कुठून तरी हातात आलं आणि हातांनी ते केलं. श्वास लागलेल्या माणसाला बसवायचं असतं. फाउलर्स पोझिशन. पहिल्या वर्षी नर्सिंग फाउंडेशनच्या पेपरात मी त्यावर आकृतीसकट उत्तर लिहिलं होतं आणि पैकीच्या पैकी मार्क घेतले होते. काकांनी माझं मनगट धरलं. मला वाटलं, आधारासाठी धरलं. ते मला ढकलत होते.

किती वेळ? दोन मिनिटं असतील. पाच असतील. काकू आतून टॉर्च घेऊन आल्या आणि ओरडल्या, ‘अगं झोपवलं काऊन त्यांना? ते बसूनच झोपतात!’ त्यांनीच उठवून बसवलं, पुढ्यात गाद्यांचा ढीग केला आणि त्यावर त्यांना ओणवं टेकवलं. बोटाला ऑक्सिमीटर लावला. एकोणऐंशी.

मागच्या खोलीत एक छोटा सिलिंडर अडीअडचणीसाठी ठेवलेला होता. चावी त्याला सुतळीने बांधलेली. मी चावी लावली आणि सगळा जोर काढून फिरवली. हलेना. वॉर्डात ऑक्सिजन भिंतीतून येतो. फ्लोमीटरची गोळी वर सरकवली की झालं, सिलिंडर बदलायचं काम ब्रदर नाहीतर वॉर्डबॉय करतात. मी उलट्या बाजूला फिरवत होते, आणखी घट्ट करत होते. काकूंनी टॉर्च दातांत धरला, मला बाजूला सारलं आणि एका हिसक्यात उघडला. मी रेग्युलेटर पूर्ण उघडायला गेले तर टॉर्च दातांत असतानाच म्हणाल्या, ‘दोनवर. डॉक्टरांनी सांगितलंय, दोनच्या वर नाही.’

पुढचं भराभर झालं. माझी रूममेट आणि शेजारचा एक मुलगा, दोघांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून काकांना वर आमच्या खोलीत नेलं. मी सिलिंडर घेऊन मागे. काकूंनी शेवटी मुखवटे पदरात गुंडाळून आणले. उजाडल्यावर काही तासांनी बोट आली. काका हॉस्पिटलात गेले, आठवड्याने घरी आले, जानेवारीत गेले. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसंच शिल्लक नव्हती. त्या दोन किंवा पाच मिनिटांचा याच्याशी संबंध कोणी लावला नाही. मी लावते. काही दिवस लावते, काही दिवस नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग सरळ सांग ना, त्या रात्रीमुळे गेले म्हणून. सांगून बघितलं आहे. एका मुलाखतीत अर्धं सांगितलं, तर समोरच्या बाई म्हणाल्या, ‘किती प्रेरणादायी!’ तेव्हापासून बंद केलं.

शिवाय ते उत्तरही पुरतं जुळत नाही. ट्रेनिंगमध्ये आम्हाला काय शिकवलं? ट्रायाज, म्हणजे कोणावर आधी उपचार ते चिठ्ठीच्या रंगाने ठरवणं: लाल सगळ्यात आधी, हिरवा थांबू शकतो, काळा गेलेला. चालू शकतो तो हिरवा. श्वास मिनिटाला तीसच्या वर असेल तर लाल. नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परतला नाही, लाल. सांगितलेलं करत नाही, लाल. वायुमार्ग मोकळा करूनही श्वास नाही, काळा. एकेका माणसाला अर्धा-एक मिनिट, चिठ्ठी बांधा, पुढे व्हा. मॉकड्रिलमध्ये मी एका ज्युनियरला काळी चिठ्ठी बांधली. तिच्या पापण्या हलत होत्या, हसू दाबत होती, आणि माझे हात असे थरथरत होते की गाठ बसेना. नंतर ती सगळ्यांना सांगत फिरली, ‘ताईने मला मारून टाकलं!’

म्हणजे त्या पहाटे मला हे येत असतं तर काकांना मी लाल चिठ्ठी बांधली असती. बरं, मग? त्या घरात एकच पेशंट होता आणि पुढे व्हायला पाण्याशिवाय काही नव्हतं. आपत्तीतली परिचर्या हे आमच्या अभ्यासक्रमातलं एक युनिट. पूर आला तेव्हा ते आमचं व्हायचं होतं, आणि झालं असतं तरी त्यात समईचा उजेड आणि सुतळीला बांधलेली चावी कुठून येणार? दुसऱ्या वर्षाच्या मला मी कधीकधी म्हणते, तू मूर्ख नव्हतीस, घाबरली होतीस. ती म्हणते, काकू घाबरल्या नव्हत्या का?

एक गोष्ट मात्र घेऊन आले. शिकवणारे सर रोज एकदा तरी म्हणायचे, ‘हात लावायच्या आधी बघा. छातीकडे बघा, मोजा, मग हात लावा.’ मी काकांकडे बघितलंच नव्हतं, धावत जाऊन धरलं होतं. गेल्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर प्रथमोपचाराच्या स्टॉलवर ड्युटी होती. एका आजींना चक्कर आली म्हणून चौघांनी उचलून आणलं. मी हात मागे बांधून आधी मोजलं. मागून कोणीतरी ओरडलं, ‘सिस्टर, बघत काय उभ्या राहिल्या?’ आजींना ओआरएस दिल्यावर बऱ्या झाल्या. तेवढ्याने काही सिद्ध होत नाही, उन्हाने थकल्या होत्या, कोणीही बरं केलं असतं.

गेल्या भाद्रपदात काकूंनी जेवायला बोलावलं. काकांच्या माघारीही त्यांनी महालक्ष्म्या सोडलेल्या नाहीत. पानात दुसरी पुरणपोळी टाकता टाकता म्हणाल्या, ‘काऊन वं, तू ते पुराबिराचं शिकून आली म्हणे?’

‘हो काकू. आवड आहे.’ काकूंनाही मी फॉर्मवरचंच उत्तर दिलं.

‘बरं केलं,’ त्या म्हणाल्या. तुपाची वाटी पुढे सरकवली. मग वर न बघता, ‘सिलिंडरची चावी कोणत्या बाजूले फिरते, ते शिकवलं का त्यांनी?’

झोपवल्याचं त्या बोलल्या नाहीत. मी म्हटलं, नाही शिकवलं. आणि खरंच नव्हतं शिकवलं.