शेतीपंपांचे युनिट नेमके कोण मोजते?

महावितरणची वीजदर याचिका दाखल झाली की वर्तमानपत्रांतली बातमी बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते: घरगुती बिल किती पैशांनी वाढणार? मला मात्र ती याचिका हाती आली की आधी दोन ओळी पाहाव्याशा वाटतात. एक शेतीपंपांच्या वीजविक्रीची आणि दुसरी वितरण गळतीची, म्हणजे वाटेत वाया जाणाऱ्या आणि चोरीला जाणाऱ्या विजेची. या ओळी वेगवेगळ्या तक्त्यांत छापल्या जातात, परंतु त्या एकाच वजाबाकीतून निघतात. वीजदर ठरवणाऱ्या महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगासमोर गेल्या पंचवीस वर्षांत जे वाद झाले, त्यांतला सर्वांत चिवट वाद माझ्या मते याच वजाबाकीचा आहे.

वजाबाकी अशी. वितरण कंपनीच्या जाळ्यात किती वीज आली, हे उपकेंद्रांवरील मीटर सांगतात. घरे, दुकाने, कारखाने, पाणीपुरवठा योजना यांना किती विकली, हेही मीटर सांगतात. पहिल्यातून दुसरे वजा केले की जे उरते, त्यात बिनमीटरच्या शेतीपंपांचा वापर आणि गळती ही दोन्ही एकत्र असतात, आणि त्यांना वेगळे करणारे यंत्र कोठेही बसवलेले नाही. समजण्यापुरते काल्पनिक आकडे घेऊ. जाळ्यात 100 युनिट आले आणि 55 मीटरवर विकले गेले, तर 45 उरतात. शेतीने 30 वापरले असे म्हटले की गळती 15 टक्के होते. शेतीने 23 वापरले असे म्हटले की तीच गळती 22 टक्के होते. तारा त्याच, रोहित्रे तीच, आकडे टाकून होणारी चोरीही तेवढीच. बदलतो तो केवळ अहवाल.

आयोगाची स्थापना 1999 सालच्या ऑगस्टमध्ये झाली. त्यामागची पार्श्वभूमी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना एन्रॉनची आठवण करून देण्याची गरज नाही. एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ वीजप्रकल्पाचा वीजखरेदी करार 1993 च्या डिसेंबरात झाला, आणि त्यातील अटी सर्वसामान्य माणसाला मूळ कागदावर वाचता येत नव्हत्या. आयोग आल्यावर जे बदलले ते प्रामुख्याने हे की हिशेब उघड्यावर आला. तत्कालीन वीज मंडळाने पहिली दरयाचिका दाखल केली, त्यावर ग्राहक संघटनांनी प्रश्न विचारले, आयोगाने आणखी माहिती मागवली. आणि वर्षानुवर्षे विशीच्या आत सांगितली जाणारी गळती छाननीअंती तिशीच्या पलीकडे गेल्याचे मंडळालाच मान्य करावे लागले. वीजचोरी एका वर्षात दुप्पट झालेली नव्हती. तोवर हा फरक शेतकऱ्याच्या नावावर लिहिला जात होता, इतकेच. नियमनाने महाराष्ट्राला काय दिले असे कोणी विचारले, तर मी स्वस्त वीज असे उत्तर देणार नाही. पण ही एक कबुली मी नक्की सांगेन.

पुढे 2003 चा विद्युत कायदा आला आणि जून 2005 मध्ये मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या अस्तित्वात आल्या. या कायद्याचे 55 वे कलम याबाबतीत अगदी स्पष्ट आहे: कायदा लागू झाल्यापासून दोन वर्षांनंतर अचूक मीटरशिवाय कोणालाही वीजपुरवठा करता येणार नाही. मात्र त्याच कलमाच्या परंतुकाने राज्य आयोगाला एखाद्या वर्गासाठी किंवा क्षेत्रासाठी ही मुदत वाढवण्याचा अधिकारही दिला आहे. मूळ दोन वर्षे 2005 मध्ये संपली. त्यानंतर दोन दशके उलटली, तरी प्रति अश्वशक्ती दराने बिल येणारे शेतीपंप आजही आहेत, आणि ज्यांना मीटर बसवले आहेत त्यांतील अनेकांचे मीटर बंद असल्याने त्यांनाही सरासरीनेच बिल जाते.

शेतीचा वापर जास्त दाखवण्यात कंपनीचा काय फायदा, हे समजून घेतल्याखेरीज या वादाचा चिवटपणा लक्षात येत नाही. आयोग गळतीची कमाल मर्यादा ठरवून देतो. ती ओलांडली तर त्या नुकसानीचा काही भाग कंपनीला स्वतः सोसावा लागतो, ग्राहकांच्या दरात टाकता येत नाही. म्हणून गळतीतून उचलून शेतीच्या रकान्यात ठेवलेले प्रत्येक युनिट कंपनीची कार्यक्षमता कागदावर सुधारते. शिवाय शेतीला विकलेल्या युनिटवर राज्य सरकारकडून अनुदान मागता येते, आणि शेतीचा दर पुरवठ्याच्या खर्चापेक्षा कमी असल्याने उरलेली तूट उद्योग आणि व्यापारी ग्राहकांच्या दरात क्रॉस सबसिडी म्हणून बसते. याचा अर्थ कोणी मुद्दाम बसून खोटे आकडे रचतो असा होत नाही. तीन बाजूंनी उतार एकाच दिशेला असेल, तर अंदाजही त्याच दिशेला घरंगळतो.

यात सर्वांत विचित्र अवस्था शेतकऱ्याची होते. रात्रपाळीच्या विजेवर, साप-विंचवाच्या भीतीत पाणी भरणारा माणूस अहवालात मात्र राज्याची वीज फस्त करणारा ठरतो आणि न वापरलेल्या युनिटांची थकबाकी त्याच्या नावावर साचत जाते. बसवलेला पंप तीन अश्वशक्तीचा आणि बिल पाच अश्वशक्तीचे, ही तक्रार जाहीर सुनावण्यांत नवी नाही. इचलकरंजीच्या महाराष्ट्र वीज ग्राहक संघटनेने शेतीवापर फुगवून दाखवला जातो हा मुद्दा वर्षानुवर्षे लावून धरला आहे, आणि पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटाने याच प्रश्नाची आकडेवारीच्या अंगाने मांडणी केली आहे.

मोजमाप नसताना अंदाज कसा करायचा, यावरही बरेच काम झाले आहे. जुनी पद्धत अशी की मीटर असलेल्या काही पंपांच्या वाचनावरून प्रति अश्वशक्ती वर्षाला किती युनिट लागतात हे काढायचे आणि त्याने बिनमीटरच्या एकूण अश्वशक्तीला गुणायचे. पद्धत दिसायला निर्दोष आहे, पण जे मीटर वाचले जातात तेच बिघडलेले किंवा सरासरीवर चालणारे असतील, तर गुणाकार फक्त चूक मोठी करतो. त्यातही कोल्हापूरच्या उसाला बारमाही पाणी देणारा पंप आणि उन्हाळ्याआधीच तळ दिसणाऱ्या विदर्भातल्या विहिरीवरचा पंप यांना एकच मापदंड लावता येत नाही.

दुसरी पद्धत फीडरपासून, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिनीपासून सुरू होते. गावठाणाचे आणि शेतीचे फीडर जेथे वेगळे झाले आहेत, तेथे शेतीच्या फीडरवर उपकेंद्रातून किती वीज सोडली हे खरोखर मोजलेले असते. त्यातून 11 केव्ही वाहिनी, रोहित्र आणि लघुदाब तारा यांतील तांत्रिक हानी वजा केली की शेतात पोहोचलेली वीज कळते. या पद्धतीत कमाल मर्यादा आपोआप येते, कारण फीडरवर जेवढी सोडली त्यापेक्षा जास्त वीज शेतकरी वापरूच शकत नाही. आयोगाने शेतीवापराच्या अभ्यासासाठी कार्यगट नेमला आणि 30 मार्च 2020 च्या बहुवर्षीय दर आदेशात फीडरआधारित पद्धतीने शेतीची विक्री नव्याने मांडली. विक्री घटली, गळती वाढली. टाळेबंदीच्या पहिल्याच आठवड्यात आलेल्या या आदेशाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही, हे स्वाभाविक असले तरी दुर्दैवाचे आहे. फीडरआधारित पद्धतीतही एक गाठ राहतेच. शेतीच्या फीडरवर अनधिकृत पंप चालत असतील, तर त्यांनी ओढलेली वीज विक्रीत धरायची की चोरीत? ती शेतीसाठीच वापरली हे खरे, पण तिचे बिल कोणाच्याच नावावर नाही.

अलीकडे केंद्राकडून अहवालांची संख्या वाढली आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या 2021 च्या विनियमांनुसार प्रत्येक वितरण कंपनीला तिमाही ऊर्जा लेखा आणि स्वतंत्र लेखापरीक्षकाकडून वार्षिक ऊर्जा लेखापरीक्षण करून घेणे बंधनकारक आहे. 2023 च्या जुलैतील केंद्रीय नियमांनुसार अनुदानाचा तिमाही अहवाल कंपनीने तिमाही संपल्यापासून 30 दिवसांत आयोगाला द्यायचा असून आयोगाने तो तपासून पुढील 30 दिवसांत प्रसिद्ध करायचा आहे. मला यातला दुसरा नियम अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण अनुदानाची मागणी प्रत्यक्ष वापराच्या हिशेबावर आधारलेली आहे की नाही, याविषयी त्यात आयोगाला स्पष्ट निष्कर्ष द्यावा लागतो. कायद्याच्या 65 व्या कलमानुसार अनुदान आगाऊ देणे सरकारवर बंधनकारक आहे. ते किती द्यायचे, हे पुन्हा त्याच शेतीच्या ओळीवर अवलंबून असते. लेखापरीक्षणाबाबत माझी शंका वेगळी आहे. परीक्षक उपकेंद्राचे वाचन तपासू शकतो, बिलांची बेरीज तपासू शकतो, पण बिनमीटरच्या पंपांसाठी त्याला कंपनीचाच अंदाज आधाराला घ्यावा लागतो. त्यावर सही-शिक्का उमटला म्हणून तो अंदाज मापन होत नाही.

दंडाविषयी एक वाक्य पुरे. आयोगाचे निर्देश न पाळल्यास 142 व्या कलमाखाली प्रत्येक उल्लंघनासाठी 1 लाख रुपयांपर्यंत आणि उल्लंघन चालू राहिल्यास दररोज 6 हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि हजारो कोटींच्या महसुली गरजेच्या याचिकेसमोर ही रक्कम किती हे वाचकांनीच ठरवावे.

या जुन्या वादाला आता नवी धार आली आहे. 2024 पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज देण्याची योजना लागू झाली. बिलच शून्य झाल्यावर ते चुकीचे आहे म्हणून भांडायला शेतकरी कशाला येईल? आजवर आकड्यांवर जो काही अंकुश होता, तो काही अंशी चुकीच्या बिलाविरुद्ध तक्रार करणाऱ्या या ग्राहकाचा होता. आता रक्कम थेट तिजोरीतून जाते आणि ती मोजणारा माणूस शेतात नाही, मंत्रालयात आहे. केंद्राच्या 2021 मध्ये सुरू झालेल्या वितरण सुधारणा योजनेतील प्रीपेड स्मार्ट मीटरमधून शेतीग्राहक वगळलेले आहेत, तेव्हा पंपापाशी मीटर लवकर येईल असे धरून चालण्यात अर्थ नाही.

त्याच वेळी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीचे फीडर सौर प्रकल्पांना जोडले जात आहेत. दिवसा वीज मिळणे ही शेतकऱ्याची रास्त मागणी आहे आणि योजनेचा हेतू मला पूर्णपणे मान्य आहे. पण कोणत्या फीडरसाठी किती मेगावॅटचा प्रकल्प हवा, हे त्या फीडरच्या खऱ्या वापरावरून ठरायला हवे. वापर फुगवलेला असेल, तर दीर्घ मुदतीचे वीजखरेदी करारही त्याच प्रमाणात फुगतील, आणि पावसाळ्यात पंप बंद असताना त्या विजेचे काय करायचे हा प्रश्न दरवर्षी उभा राहील.

वैयक्तिक मीटर होईपर्यंत थांबण्याची गरज नाही, असे माझे मत आहे. वेगळ्या केलेल्या शेती फीडरवर सोडलेली मासिक वीज, त्यावरील जोडलेली अश्वशक्ती आणि त्याच महिन्यात त्या फीडरवर दाखवलेली विक्री, असे तीन रकाने कंपनीच्या संकेतस्थळावर फीडरनिहाय प्रसिद्ध केले, तर गावातला शाळामास्तरही भागाकार करून पाहू शकेल. त्यांतही जुलै-ऑगस्टचे आकडे सर्वांत बोलके ठरतील, कारण चांगल्या पावसाच्या महिन्यात फीडरवरची वीज घटते आणि सरासरीने काढलेली विक्री मात्र जागची हलत नाही. कायद्याच्या 64 व्या कलमाने दरयाचिकेवर सूचना आणि हरकती घेणे आयोगाला बंधनकारक केले आहे आणि याचिकेचा गोषवारा मराठीतही मिळतो. पुढील सुनावणीत मी लेखी हरकतीत हे तीन रकाने मागणार आहे, आणि ज्यांच्या गावात शेतीचा फीडर वेगळा झाला आहे त्यांनी आपापल्या फीडरचे नाव घालून तीच मागणी करावी.